धानामागचा पंजा

मार्थाबाई गेल्याचा निरोप आला, तेव्हा आम्ही तिनं बांधलेल्या खोलीतच धानाची पोती लावत होतो. दिवाळी होऊन गेली होती, मळणी आटोपली होती, आणि मी शिकायला कुडव्यात घेतलेल्या भाड्याच्या खोलीला कुलूप लावून कॉलेजच्या सुटीत गावी आले होते. मोबाइलवर तिच्या मुलीचा मेसेज आला. मी तो आधी मनातल्या मनात वाचला, मग आईला सांगितला. बाबा पाठीवर पोतं घेऊन दारातच थांबले. आत जावं की मागं फिरावं, हे त्यांना कळेना. "खाली तं ठेवा जी," आई म्हणाली. त्यांनी पोतं बाहेर ओसरीत उतरवलं... उरलेली पोती पुढचे काही दिवस तिथंच राहिली.

मार्थाबाई आमच्या नात्यातली नव्हती. ती डेन्मार्कची. तिनं आयुष्यभर तिकडच्या एका शहरात बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर, गरजू कुटुंबांची घरं बांधायला स्वतःच्या खर्चानं देशोदेशी जाऊ लागली. सडक अर्जुनीजवळच्या आमच्या गावात तशी मंडळी आली तेव्हा मी नववीत होते. आमच्या मातीच्या घराची एक भिंत पावसात बसली होती, म्हणून एक पक्की खोली आमच्या वाट्याला आली. गावात इंग्रजी बोलणारं कोणी नव्हतं. मला पुस्तकापुरतं येत होतं, म्हणून दुभाषी मीच. विटा हातोहात द्यायच्या, सिमेंट कालवायचं, भिंतींवर पाणी मारायचं... केस पिकलेली ही बाई सगळं करायची. बाबांना त्याचं फार नवल. "एवढ्या दुरून आमच्या विटा वाहाले आली! हिच्या घरचे हिले बोलत नाही का?" मी भीत भीत तेवढं विचारलं. ती खूप हसली. म्हणाली, "बोलतात ना! पण मी बसची ड्रायव्हर. मागं बसलेले काय बोलतात, ते मला ऐकू येत नाही." बाबांना हे एवढं आवडलं की आई काही बोलली की तेही म्हणू लागले, "मी ड्रायव्हर होय, मले आयकू येत नाही."

शेवटच्या दिवशी मागच्या भिंतीचं प्लास्टर ओलं होतं. छातीइतक्या उंचीवर तिनं त्यात आपला उजवा पंजा दाबला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

हे सगळं थंडीत झालं. स्लॅब काय असतो ते होळीनंतर कळलं. "या भट्टीत निजाचं कसं?" असं म्हणत आईनं अंथरूण उचललं आणि डागडुजी केलेल्या मातीच्या घरात, कवेलूंच्या छपराखाली नेलं. नवी खोली रिकामी राहिली. ती कोरडी होती, गळत नव्हती, उंदरांना वाट नव्हती. आमच्याकडे घरातली सगळ्यात चांगली जागा धानाला मिळते, वर्षभराचं जेवण असतं ते. त्या हंगामात कोपऱ्यात काही पोती गेली, पुढच्या हंगामात थप्पी वरपर्यंत लागली. पंजा धानामागे गेला. कोणी काही ठरवलं नव्हतं.

मी अकरावीत असताना, उन्हाळ्यात ती पुन्हा आली. तिरोड्याकडे घरं बांधायचं काम होतं, तिथून एक दिवस आमच्याकडे येणार म्हणून फोन आला, आणि घरात धावपळ उडाली. सगळी पोती शेजारच्या तुकारामकाकांकडे नेली. काका ओरडले, "काऊन गा, पाव्हणी येऊन राहिली तं धान लपवून राहिले? खाऊन जाते का ते?" आम्ही खोलीत पलंग टाकला, देवांचे फोटो लावले, आरशात कंगवा खोचला. मी आईला म्हटलं, "खरं सांगू का तिले?" आई म्हणाली, "कायले? तिचं मन मोडाले?"

मार्थाबाई आली, पलंगावर बसली, भिंतीवरच्या पंजावर पंजा ठेवून पाहिला. "इथे झोप चांगली लागते ना?" तिनं विचारलं. आईबाबांना विचारायची गरजच नव्हती. "हो, खूप," मीच म्हणाले. त्या वेळी माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. जेवणानंतर ती खोलीत आडवी झाली. थोड्या वेळानं पाहिलं तर पलंग रिकामा. ती मातीच्या घरात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, आईच्या शेजारी गाढ झोपली होती. निघताना नव्या खोलीच्या कोपऱ्यात ती वाकली, चिमटीनं काहीतरी उचललं आणि शर्टच्या खिशात टाकलं. मला वाटलं, तिची पिन पडली असेल.

पुढे आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलायचो. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "धान कसं आहे? कोरडं आहे ना?" झोपेचं तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटायचं, बिचारीकडे बोलायला दुसरा विषय नसेल. मी "छान आहे" म्हणायचे आणि कॉलेजचं सांगायला लागायचे...

ती गेल्यावर मी तिच्या मुलीला चार ओळी लिहिल्या. काही दिवसांनी तिचं उत्तर आलं. मार्थाबाईच्या खिडकीत काचेच्या वाटीत सालासकट थोडे दाणे आहेत, तिनं लिहिलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवायची आणि म्हणायची, मी बांधलेल्या खोलीत हे राहतात.

मी हे वाचून दाखवलं. मग बाबा म्हणाले, "तिले ठाऊक होतं तं बोलली काऊन नाही?"

"आपण बोललो का?" आई म्हणाली.

मला तेव्हापासून तेच टोचत आहे. आम्ही तिचं मन जपत होतो, असं आम्हाला वाटत होतं. खरं तर तीच आमचं जपत होती. दर कॉलला तिनं मला बोलायला दार उघडून दिलं, आणि मी दरवेळी दुसरीकडूनच निघून गेले. तिच्या खोलीनं आमचं धान किती सांभाळलं, एवढं एक वाक्य होतं. ते सांगायला लाज कशाची वाटली, आज मलाच सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ओसरीतली पोती आम्ही आत नेली. आईनं मधली थप्पी लावू दिली नाही. "पोती ढासळतीन," बाबा कुरकुरले. "ढासळू द्या," ती म्हणाली. आता दार उघडलं की दोन थप्प्यांच्या मधून पंजा दिसतो. आई भरडायला धान काढते, तेव्हा आधी भिंतीकडे पाहून सांगते, "धान कोरडं हाये वं बाई."

मी तिच्या मागे टोपली धरून उभी असते. मला अजून म्हणता आलेलं नाही.