साध्या कागदावरचं मृत्युपत्र

"कागदावर हाय का?"

आधी उजवा हात तळवा वर करून पुढं यायचा आणि मग हा प्रश्न. समोर मुख्याध्यापक असोत, पालक असो की दूधवाला. तोंडी बोललेलं आमच्या अक्कांच्या लेखी बोललेलंच नसे. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या टेबलावरून जाताना आपण उगीचच शर्टाचं बटण चाचपतो. आमच्या शाळेच्या ऑफिसात ते माणूस म्हणजे अक्का. मी तिथं कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो तेव्हा नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि अक्का हेडक्लार्क होत्या. पन्नाशीच्या आसपास वय, लग्न केलेलं नाही, अंगावर कायम इस्त्रीची सुती साडी. सगळी शाळा त्यांना अक्काच म्हणायची.

एकदा मुख्याध्यापक दुपारी जाता जाता म्हणाले, "उद्या सुट्टी आहे हं." दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी ताणून दिली. अक्का मात्र साडेदहाला बंद फाटकापुढं छत्री उघडून उभ्या. अकरापर्यंत उभ्या राहिल्या आणि मग मंगळवार पेठेतल्या आपल्या घरी गेल्या. तिसऱ्या दिवशी मस्टरवर सही करताना मला म्हणाल्या, "मी आलतो. फाटक उघडलं न्हाई. माझी रजा पडत न्हाई म्हणून सांग त्यास्नी." आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात, बाहेरच्यांना त्याची गंमत वाटते.

दाखल्यावरची जन्मतारीख बदलून मागणारे पालक तर रोजचेच. एक गृहस्थ मुलाला कुस्तीच्या लहान गटात बसवायचं म्हणून दोन वर्षं कमी करून मागत होते. अक्कांनी रजिस्टर उघडलं, ओळीवर बोट ठेवलं. "पावणं, शाळेत घातलं तवा तारीख तुम्हीच सांगितलासा. आता गटात बसंना म्हणून परत आईच्या पोटात घालायचं व्हय त्याला?" ऑफिसात हशा पिकला. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी रजिस्टर मिटलं.

कागदाचा हा सोस मला बरेच दिवस विनोदी वाटायचा. त्यामागचं कारण एका रविवारी कळलं. शाळेची कसलीशी पत्रकं घेऊन मी त्यांच्या घरी गेलो होतो. दोन खोल्या, पुढं फरशीचं छोटं अंगण. फंडातून कर्ज काढून त्यांनी ते घर स्वतःच्या नावावर घेतलं होतं. अक्का कोथिंबीर निवडत बसल्या होत्या आणि निवडता निवडता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं, त्यांनी सांगितलं.

त्यांचं गाव मुरगूडजवळ. वडील गेले तेव्हा अक्कांना नोकरी लागून चार वर्षं झाली होती. महिन्याच्या आत थोरला भाऊ, दादा, कोल्हापूरला आला. बरोबर वकील, हातात साडी-चोळी. वडिलांच्या नावची जमीन वारसांच्या नावावर चढवायची आहे, त्याला बहिणीची सही लागते, असं म्हणाला. वकिलानं हसून पेढा पुढं केला. अक्कांनी पेढा खाल्ला आणि सही केली. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊनही सह्या केल्या, दादा दाखवील तिथं.

"दिवाळीला गावाकडं गेलतो. वैनी मला घरामागं परड्यात घेऊन गेली. म्हणाली, वन्सं, त्यो कागद हक्कसोडीचा हुता. तुमचा वाटा गेला. मला ऱ्हावंना म्हणून सांगालोय, पर माझं नाव घिऊ नगासा."

अक्कांनी कोथिंबिरीची एक काडी बाजूला टाकली.

"मी तशीच म्होरल्या सोप्यात गेलो. दादा चार माणसांत बसलावता. सगळ्यांदेखत विचारलं, मला फसवलास व्हय? त्यो म्हणाला, कुणी सांगितलं तुला? आणि माझ्या तोंडातनं नाव गेलं."

घरात फूट पाडणारी बाई म्हणून दादानं वहिनींना तिसऱ्या दिवशी आजऱ्याला माहेरी नेऊन सोडलं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं परत आणायला कारणही राहिलं नाही. वहिनी तिथं काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायच्या. अक्का वर्षातून दोनदा त्यांना भेटून येत. "बोटं काळी पडल्यात तिची. काजूच्या चिकानं. धुतली तरी जात न्हाईत," एवढंच त्या म्हणाल्या आणि कोथिंबीर धुवायला उठल्या.

पुढं दोन-तीन वर्षांनी, शाळा सुटल्यावर अक्कांनी मला आणि शिपाईमामांना थांबवून घेतलं. टेबलावर एक साधा पांढरा कागद होता. त्यांनी मृत्युपत्र लिहायला घेतलं होतं.

"वकिलाला दाखवूया का?" मी विचारलं.

"एक वकील बघितलाय मी. त्याचा पेढा अजून घशात हाय."

त्यांनी सगळी चौकशी करून ठेवली होती. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं बरं. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, त्यांनीही सह्या करायच्या. मजकूर साक्षीदारांना माहीत असायलाच पाहिजे असं नाही. मामा बाहेर बाकावर बसले. मला मात्र अक्कांनी शुद्धलेखन बघायला दिलं. दाखल्यातली वेलांटी चुकली तरी त्या अख्खा दाखला फाडत.

'मी खाली सही करणार, वय वर्षे चोपन्न, धंदा नोकरी, पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवते की,' अशी सुरुवात होती. राहतं घर वहिनींना. भांडीकुंडी वहिनींना. आणि मग एक वाक्य होतं: 'कारण त्यांनी मला खरे सांगितले होते.'

"अक्का, कारण लिहायची गरज नसते," मी म्हणालो.

"मला हाय."

मामांना आत बोलावलं. अक्कांनी सही केली, मग आम्ही दोघांनी. मामांनी कागदाकडं नीट पाहिलंही नाही. अक्कांनी कागद पाकिटात घातला, डिंक लावला आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "तुझ्या कपाटात ठेव. माझ्या घरात माझ्यामागं आधी कोण शिरंल त्याचा भरवसा न्हाई. आणि ह्यातला शब्द बाहेर जायचा न्हाई." शाळेत एवढी माणसं असताना त्यांनी ते माझ्याकडं दिलं, याचा मला अभिमान वाटला. तो अभिमानच नडला.

पाकीट कपाटात ठेवताना माझ्या बायकोनं, सुमननं, ते काय आहे असं विचारलं. मी सांगितलं. लपवण्यासारखं आमच्यात काही नव्हतं, आणि अक्कांचं मन किती मोठं आहे हेही मला कुणालातरी सांगायचं होतं. सुमनला ते ऐकून भरून आलं. मे महिन्यात ती माहेरी गेली आणि तिनं आईला सांगितलं, तेही कौतुकानंच. सुमनचं माहेर मुरगूडचं. मला ते त्या वेळी सुचलंच नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय.

शाळा सुरू झाल्यावरची गोष्ट. रविवारी सकाळी प्रवेशाच्या याद्या घेऊन मी अक्कांच्या घरी गेलो, तर आत पाहुणी होती. पन्नाशीची बाई, कोरी साडी, कोपरापर्यंत हिरवा चुडा. बशीतला चहा फुंकत होती आणि तिची बोटं नखांपाशी काळी होती. ह्याच त्या वहिनी, हे कुणी सांगायला नको होतं.

"त्ये स्वतः न्यायला आलते, वन्सं," त्या सांगत होत्या. "आजऱ्याला. गाडी करून. माझ्या भावासमोर म्हणाले, झालं गेलं इसरूया. चौदा वर्सं झाली, मला वाटलंवतं आता मेल्यावरच गावाची माती."

अक्का ऐकत होत्या. इतका मऊ चेहरा मी त्यांचा पूर्वी पाहिला नव्हता.

"आल्यापासनं एक शब्द वाकडा न्हाई. मला म्हणाले, वन्सांकडं जात-येत जा, त्यांला दुसरं कोण हाय? आणि व्हय, येताना म्हणाले, वन्सांच्या घराच्या घरफाळ्याची पावती कुणाच्या नावावर येतीया तेवढं बघून ये. आता ते कशाला, मला काय कळलं न्हाई."

अक्कांचा हात चहाच्या भांड्यावर होता तिथंच राहिला. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मी हातातल्या याद्यांकडं पाहू लागलो.

"माझ्याच नावावर येती म्हणून सांग," त्या वहिनींना म्हणाल्या. "आणि चा घे आजून."

त्यांनी वहिनींची ओटी भरली, एसटीपर्यंत रिक्षा करून दिली, रिक्षा वळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या. मी आत तसाच बसून होतो.

"मामानं नुसती सही केलीया," त्या आत येत म्हणाल्या. "मजकूर वाचलास तू."

मी हातातल्या याद्या खाली ठेवल्या.

"कुणाला सांगितलंस?"

"सुमनला."

"तिचं माहेर कुठलं?"

"मुरगूड."

त्या खाली बसल्या. मी म्हणालो, "अक्का, चुकून झालं."

"चुकूनच हुतंय सगळं. मी पण चुकूनच नाव घेतलंवतं तिचं."

"मग वहिनींना सांगूया आपण. दादांनी त्यांना घरासाठी परत नेलंय हे त्यांना कळायला नको का? मी जाऊन सांगतो."

"गप बस." आवाज चढला नव्हता. "तोंड बघितलास तिचं? काय सांगणार हाईस तिला? की तुझा नवरा तुला न्हाई, माझ्या दोन खोल्या न्यायला आलता? एकदा माझ्या तोंडानं तिचं घर गेलं. आता तुझ्या तोंडानं घालवू व्हय?"

उठता उठता म्हणाल्या, "पाकीट उद्या आणून दे."

दुसऱ्या दिवशी मी ते टेबलावर ठेवलं. अक्कांनी डिंकाची कड उजेडात धरून पाहिली, कुणी उघडलं तर नाही ना ते. मग पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "बसा."

मला आधी वाटलं, त्या दुसऱ्या कुणाशी बोलताहेत. त्या दिवसापासून मी त्यांना 'अहो' झालो. चार वर्षं त्यांनी मला 'अरे' म्हणून झाडलं होतं, माझ्या डब्यातली भाजी न विचारता घेतली होती. आता "अहो, हे पत्रक तपासा." "अहो, तुमची रजा मंजूर झालीया." कामात कधी अडवलं नाही, कुणाजवळ माझी तक्रार केली नाही. ऑफिसातल्या नव्या लोकांना तर वाटे, अक्का मला फार मान देतात.

सुमन एकदा त्यांची माफी मागायला गेली. अक्कांनी तिला चहा दिला, कुंकू लावलं आणि विषय काढू दिला नाही.

वहिनी सणावाराला येत राहिल्या. बोटांचा काळेपणा हळूहळू गेला. अक्का निवृत्त झाल्या तेव्हा समारंभात वहिनी पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या, शेजारी दादा. दादांनी बहिणीच्या गळ्यात हार घातला. अक्का ताठ उभ्या होत्या. मला त्यांनी कपाटाच्या किल्ल्या यादीसह दिल्या आणि म्हणाल्या, "मोजून घ्या."

तीन वर्षांनी अक्का गेल्या. दवाखान्यात दोनच दिवस होत्या. मला कळलं ते शाळेच्या फळ्यावर लिहिलेलं वाचून.

तेराव्याला अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. जेवणं झाल्यावर शिपाईमामांनी आतल्या खिशातून पाकीट काढलं. डिंक नवा होता. जुनं मृत्युपत्र रद्द करून अक्कांनी दुसरं लिहिलं होतं, त्यावर साक्षीला मामा आणि शेजारची फुलवाली. मामांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी कागद माझ्याकडं दिला. मी उभं राहून वाचला.

घरात वहिनींनी हयात असेपर्यंत राहावे. त्यांना कोणी बाहेर काढू शकणार नाही. घर विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, कोणाच्या नावे करता येणार नाही. वहिनींच्या पश्चात घर शाळेला, गावाकडून शिकायला येणाऱ्या मुलींना राहण्यासाठी.

"म्हंजे?" दादांनी विचारलं. "हिच्या नावावर हुईत न्हाई?"

"राहता येईल," मी म्हणालो. "बाकी काही करता येणार नाही."

दादांनी कागद मागून घेतला, उलटसुलट पाहिला, परत दिला. मग चपला घातल्या. वहिनी भांडी आवरत होत्या, त्या पदराला हात पुसत लगबगीनं बाहेर आल्या, तोवर ते गल्लीच्या तोंडाशी पोचले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. आठवड्यानं एका टेम्पोतून वहिनींची ट्रंक आली. निरोप काही नव्हता.

घरफाळ्याच्या अर्जावर वहिनींचा अंगठा घ्यायला मी गेलो, तेव्हा ट्रंक अजून अंगणातच होती आणि त्या तिच्याशेजारी पायरीवर बसल्या होत्या. मला बसायला जागा करून दिली.

"भाऊ, एक विचारू? त्ये मला आजऱ्यासनं आणायला आलते, ते ह्या घरासाठी. व्हय न्हवं?"

मी मान हलवली.

"वन्सास्नी ठाव हुतं?"

नाही म्हणता आलं असतं. अक्का गेल्या होत्या, मामांना काही माहीत नव्हतं. खोटं बोलून एका मेलेल्या माणसाची बाजू राखता आली असती.

"होय," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून. तुम्ही इथं चहा पीत होता त्या दिवशीच. तुम्ही सुखात दिसलात, म्हणून त्या..."

वहिनी पुढचं ऐकत नव्हत्या. त्या दाराच्या चौकटीकडं बघत होत्या.

"मी सांगितलंवतं की वन्सास्नी," त्या म्हणाल्या. "माझं घर जाईल हे ठाव असून सांगितलंवतं."

मग त्यांनी माझ्यापुढं अंगठा धरला. मी शाई लावली, अर्जावर उमटवून घेतला. त्यांनी पदराच्या टोकानं शाई पुसली, ट्रंकेची एक कडी धरली आणि दुसरी धरायला मला खुणावलं. आम्ही दोघांनी ती उचलून आत नेली.