‘सोबतीण’चा फलक बघायला सातारा ते सांगली

आधीच सांगते, या पोस्टमध्ये धबधबा नाही, सूर्यास्तही नाही. सातारा-सांगली हा रस्ता कुणी हौसेनं करत नाही. विश्रामबागेतल्या आमच्या होस्टेलवर आम्ही मुलींनी ‘सोबतीण’ नावाचं मंडळ काढलं, त्याला चाळीस वर्षं झाली. संस्थापिकांच्या नावांचा संगमरवरी फलक लागणार होता. निमंत्रण हातात पडताच मी कराडच्या शमीमला फोन केला. "तुझं नाव पहिलं असणार, चल." कुणाला विचारलं नाही, काही नाही, छातीठोक सांगून मोकळी झाले.

साताऱ्याहून सकाळी सातची एसटी बरी. बायकांना अर्धं तिकीट. डावीकडची खिडकी मात्र धरू नका, उंब्रजपर्यंत ऊन डोळ्यात येतं. कराडला शमीम चढली. नवीकोरी साडी, पिशवीत शेंगदाण्याच्या पोळ्या.

"आगं, खरंच हाय का माझं नाव? मी तर होस्टेलवर राहतबी न्हवते."

"तुझ्याशिवाय मंडळ कुठलं?" मी म्हटलं.

पेठ नाक्याला हायवे सुटला आणि हाडं खिळखिळी झाली. रस्त्याचं काम चालू आहे, आणि मला वाटतं ते चालूच राहणार. कंबर दुखणाऱ्यांनी सांगलीपर्यंत रेल्वेनं जावं.

धक्के खात जुन्या गोष्टी निघाल्या. तेव्हा होस्टेलच्या मुलींचे जेवणाचे डबे गावाकडून एसटीनं यायचे. संध्याकाळी स्टँडवर जाऊन आपला डबा आपण उतरवून घ्यायचा. एकटी मुलगी दिसली की टवाळ पोरं मागे लागायची. शमीम तेव्हा सांगलीतच राहायची, तिचे वडील स्टँडमागे मोटारींच्या गाद्या शिवायचे. एका मुलीला रडत जाताना तिनं पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकीला होस्टेलच्या फाटकापर्यंत सोडायला लागली. मग आम्हीही जोडीजोडीनं जाऊ लागलो. तेच आमचं मंडळ. नाव ठरवायला बसलो तेव्हा कुणी ‘रणरागिणी’ म्हणे, कुणी ‘तेजस्विनी’.

"कशाला एवढी जड नावं?" शमीम म्हणाली होती. "आपुन एकमेकींच्या सोबतिणी हाय. त्येच ठेवा."

रेक्टरबाईंनी नाक मुरडलं होतं. "हे काय पाणवठ्यावरचं नाव!"

आणि आता होस्टेलवर पोचून कार्यक्रमाला बसलो, तर हातात पडलेल्या स्मरणिकेत काय छापलेलं? ‘मंडळाचे अर्थपूर्ण नाव रेक्टरबाईंनी सुचविले.’ माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात फलकावरचा पडदा सरकला. सात नावं. माझं चौथं. शमीम फलकाजवळ गेली, एकेका ओळीवरून बोट फिरवत खाली आली, पुन्हा वर गेली.

मी तरातरा मंडळाच्या आताच्या अध्यक्षबाईंकडे गेले. आमच्यानंतर बऱ्याच वर्षांनी शिकलेल्या या बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, आम्ही पहिल्या रजिस्टरवरूनच घेतलंय. हे बघा. अक्षर तुमचंच ना?"

माझंच होतं. सचिव मीच होते. वर ठळक लिहिलेलं, ‘सभासद केवळ वसतिगृहातील’, खाली सात नावं. मग सगळं आठवलं. रेक्टरबाई म्हणाल्या होत्या, बाहेरची मुलगी यादीत नको. ‘बाहेरची’ म्हणजे काय ते मला कळलं होतं, तरी मी मान डोलावली होती. शमीमला सांगितलं होतं, नंतर घालू. मी ते सोयीनं विसरले. ती विसरली नव्हती.

शमीमनं माझ्या खांद्यावरून रजिस्टर वाचलं. "अक्षर लय देखणं हाय गं तुझं," ती म्हणाली. "तवाबी हुतं."

जेवणात श्रीखंड-पुरी होती, चांगली होती म्हणतात. परतीच्या गाडीत ती कराडपर्यंत डोळे मिटून बसली. झोपलेली नव्हती. उतरताना मी तिचा हात धरला. "मी पत्र लिहिते. नाव घालायला लावते."

"लिही की. पर मला कळवू नगंस," ती म्हणाली. "नंतर घालू म्हनलीस, तवा लय दिस वाट बघितली मी."

घरी आल्यावर पत्र लिहिलं. तीन कागद फाडले, कारण प्रत्येक वेळी रेक्टरबाईंचाच दोष आधी लिहून होत होता. चौथ्यात माझा लिहिला आणि पत्र पोस्टात टाकलं. महिन्याभरानं उत्तर आलं: कमिटीनं मान्य केलं, आठवं नाव कोरून घेतलं, सोबत फोटो. मी शमीमला फोन लावला. वाजला, कट झाला. पुन्हा लावला नाही. फलक बघायला जायचं असेल तर खुशाल जा, विश्रामबागेत कुणीही दाखवेल. तिचं नाव सगळ्यात खाली आहे, नव्या कोरीव अक्षरांत. ते बघायला ती माझ्याबरोबर येणार नाही.