बाई पासवर्ड विसरल्या नव्हत्या

जेवणाच्या टेबलावर विणकामाचं एक मशीन सुटं होऊन पसरलं होतं, त्यामुळे टायपिंगबाई आणि त्यांचे यजमान ताटं मांडीवर घेऊन पलंगावर जेवत होते. तक्रार दोघांचीही नव्हती. यजमान छापखान्यातून निवृत्त झालेले मेकॅनिक. दुसऱ्यांच्या खिशाला पेन असतं तसा त्यांच्या खिशाला पाना असतो, म्हणून सगळे त्यांना पानाकाका म्हणतात. निवृत्तीनंतर घरात बिघडलेलं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांकडे मोर्चा वळवला.

मशीन शेजारच्या स्वेटरवालीचं. एका शाळेच्या गणवेशाचे स्वेटर ती घरी विणून देते. सुयांच्या रांगेवरून इकडून तिकडे सरकवायचा जो भाग असतो, त्याला कॅरेज म्हणतात. तो मध्येच अडकायला लागला आणि टाके गळायला लागले. काका म्हणाले, "खोलून साफ करून देतो. शाळा उघडायच्या आत तुझ्या हातात."

मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, माहितीपुस्तिका कुठेच नाही. म्हणून काकांनी शहाण्या माणसासारखं केलं. प्रत्येक स्प्रिंग, प्रत्येक पत्ती काढण्याआधी फोनवर तिचा फोटो घेतला. मग दुसऱ्या दिवशी भाग धुवायला ते रॉकेलच्या डब्यावर वाकले. पाना खिशातच राहिला. फोन डब्यात गेला.

"बॅकअप आहे," बाई म्हणाल्या. घरात पीठ आहे, हे सांगावं तशा.

बाईंचा टायपिंगचा क्लास होता. एका औषधाच्या दुकानावरची लांबट खोली, भिंतीला लागून टाइपरायटर, खिडकीशी बाईंची खुर्ची. कचेऱ्यांतले निम्मे कारकून त्या खोलीतून गेलेले. कळांकडे बघायचं नाही, हा तिथला पहिला नियम. जो बघेल त्याच्या हातांवर बाई पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालत. दुसरा नियम, चूक खोडायची नाही, कागद नवा घ्यायचा. टाइपरायटर गेले, क्लास बंद झाला, आणि ज्यांना वाटलं बाई खचतील ते तोंडघशी पडले. बाईंनी लॅपटॉप घेतला, त्यावर धूळ बसू नये म्हणून कळांवर मऊ प्लास्टिकचं आवरण चढवलं, आणि दोघांच्याही फोनचा दर रविवारी बॅकअप घ्यायला लागल्या. काकांनी फोटो काढले तो रविवारच होता. बॅकअपला पासवर्डही त्यांनी त्याच संध्याकाळी पहिल्यांदा लावला.

नवा फोन आला. लॅपटॉपने पासवर्ड मागितला. बाईंनी ओट्याशी उभ्याने तो टाइप केला. लॅपटॉप म्हणाला, चूक.

पुन्हा केला. चूक.

"अगं, विसरली असशील," काका म्हणाले.

"विसरायला तो काय तुमच्या बहिणीचा वाढदिवस आहे?"

"तसं नव्हे. एखादं अक्षर मोठं, एखादं लहान..."

"अहो, तुम्ही तुमचे स्क्रू मोजा."

तिसऱ्या वेळी बाईंनी कळांकडे बघून, एका बोटाने, एकेक अक्षर दाबलं. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. तरी चूकच. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लॅपटॉप पिशवीत घातला आणि फोनच्या दुकानाकडे निघाल्या.

दुकानदार बाईंचाच विद्यार्थी. मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेत दोनदा आपटला आणि मग धंद्यात पडला. त्याने स्टूल पुढे केलं.

"बाई, रोज दहा जण येतात विसरून. त्यात लाज कसली?"

"लाज वाटायला आधी विसरायला हवं ना?"

"मग जन्मतारीख टाकून बघू?"

"जन्मतारीख पासवर्ड म्हणून ठेवणारी मी वाटते तुला?"

"मी ठेवलीय, बाई."

"म्हणूनच दोनदा आपटलास."

तो हसला, पण त्याच्याकडेही उपाय नव्हता. बॅकअपला लावलेल्या या कुलपाची दुसरी किल्ली कंपनीकडेही नसते, असं त्याने सांगितलं. पासवर्ड आठवला तर ठीक, नाहीतर फोटो त्यात आहेत एवढंच समाधान. "काउंटरवर लॅपटॉप राहू दे, मी काही जुळवून बघतो," म्हणाला. बाईंनी लॅपटॉप परत पिशवीत घातला.

घरी आल्या तर स्वेटरवाली टेबलापाशी उभी होती. "काका, हे माझं मशीन आहे की भंगाराचं दुकान?" ती गमतीने म्हणाली खरी, पण गमतीचा सूर लगेच उतरला. शाळेतून फोन आला होता. सोमवारी नक्की सांगा, नाहीतर फॅक्टरीतून तयार माल घेऊ. फॅक्टरीकडे एकदा गेलेली शाळा परत येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काकांनी ईर्ष्येने आठवणीवर कॅरेज जुळवायला घेतला. जुळला. सुयांवर चढवला, ढकलला. अर्ध्या वाटेत कुठेतरी कट् आवाज झाला आणि एका सुईचं टोक वाकलं. काका पुन्हा ढकलणार, तेवढ्यात स्वेटरवालीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या, काका. जोर लावू नका."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती गेल्यावर काका बराच वेळ वाकडी सुई बोटात फिरवत बसले. मग म्हणाले, "शब्द देताना मी जरा घाईच केली." बाईंनी त्यांना असं बोलताना क्वचितच ऐकलं होतं.

बाईंचा सगळा संताप आता लॅपटॉप बनवणाऱ्यांवर निघाला. टेबल अडलेलं, म्हणून त्या पलंगावर बसल्या, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, आणि कंपनीला खरमरीत इंग्रजी तक्रार टाइप करायला लागल्या. नजर खिडकीबाहेर, शेजारच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरींवर. हात आपोआप चालत होते. मी पासवर्ड विसरलेले नाही, तुमचं यंत्र खोटं बोलतं आहे, अशा अर्थाची चार वाक्यं झाली, तेव्हा त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर कुठल्याच भाषेतलं काही नव्हतं.

दुसरा कोणी लॅपटॉप बिघडला म्हणून उठला असता. बाईंनी मात्र तो गिचमिड मजकूर डॉक्टर जुना आजार ओळखतो तसा वाचला. डाव्या हाताची अक्षरं जागच्या जागी, उजव्या हाताची सगळी एक कळ पुढे. क्लासमध्ये नवी मुलं पहिल्या आठवड्यात हमखास अशी पानं आणत, आणि बाई लांबूनच ओरडत, "उजवा हात सरकलाय, मागे घे!" हात कुठे ठेवायचे ते बोटांना कळावं म्हणून दोन कळांवर बारीक उंचवटे असतात. मऊ आवरणाखाली ते लागत नव्हते. टेबलावर किंवा ओट्यावर लॅपटॉप सरळ असला की सवयीने हात बरोबर पडत. उशीवर तिरक्या ठेवलेल्या लॅपटॉपवर उजवा हात एक कळ पुढे पडला होता.

आणि पासवर्ड लावला त्या रविवारीही टेबल अडलेलंच होतं. पासवर्डच्या जागी पडद्यावर नुसते ठिपके दिसतात. खात्रीसाठी दुसऱ्यांदा टाइप करायला सांगतात, तेव्हाही हात तिथेच होते. एकच चूक दोनदा, तंतोतंत सारखी. लॅपटॉपने ती बिनतक्रार मान्य केली होती.

बाईंनी तक्रार पुसून टाकली. पासवर्डची चौकट उघडली. उजवा हात मुद्दाम एक कळ पुढे ठेवला, डोळे मिटले, टाइप केलं.

फोटो उतरू लागले.

"अहो," त्यांनी हाक मारली. "चष्मा आणा."

काका आले, बघतच राहिले. "आठवला?"

"विसरले कधी होते? चुकीचा टाइप केला होता."

"कोणी?"

"घरात टाइप करणारं दुसरं कोण आहे?"

काकांनी तोंड उघडलं, पत्नीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते परत मिटलं. संसार टिकतो तो अशाच मिटलेल्या तोंडांवर.

दुपारभर दोघं टेबलाशी होते. बाई फोटो उलट्या क्रमाने पुढे करत, काका एकेक पत्ती बसवत. एक लहान स्प्रिंग उलटी बसली होती, सगळा घोटाळा तिचा. वाकड्या सुईच्या जागी स्वेटरवालीने आपल्या डबीतली सुई दिली. मग तिने लोकर ओवली आणि कॅरेज सरकवला. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. तिने अजून चार ओळी घातल्या, विणलेला भाग ताणून उजेडात धरला. एकही टाका गळला नव्हता.

"पासवर्ड सापडला ना शेवटी?" ती म्हणाली. "मी म्हटलंच होतं, बाई विसरायच्या नाहीत."

काका पाना पुसण्यात फारच गढून गेले.

"सापडला नाही," बाई म्हणाल्या. "माझा हात सरकला होता. तुझे चार दिवस माझ्यामुळे गेले."

स्वेटरवालीने विणलेला भाग खाली ठेवला. तिची थोरली बहीण बाईंच्या क्लासला जायची, पुठ्ठ्याच्या खोक्याच्या गोष्टी तिने ऐकलेल्या. ती म्हणाली, "मग रात्रीच्या चहाला या माझ्याकडे, दोघंही. मी विणत असेन, कोणीतरी बटणं लावायला हवंच आहे."

"बटणं लावता येतात," बाई म्हणाल्या. "न बघता."

"बघून लावा, बाई. छोट्या मुलांचे स्वेटर आहेत."

बाई हसल्या. सोमवारी शाळेला होकार गेला. कळांवरचं आवरण बाईंनी काढून टाकलंय, धूळ फडक्याने पुसतात. पासवर्ड मात्र तोच आहे, सरकलेला. काकांनाही तो माहीत नाही, आणि माहीत झाला तरी त्यांना तो टाइप करता येणार नाही.