कर्ता नसलेलं वाक्य

बाळांनो, तुमच्या आईचं पुस्तक लवकरच छापून येईल. तुम्ही ते वाचाल, निदान चाळाल तरी. त्यातल्या एका पानावर सगळ्या इंग्रजी मजकुरात एक शब्द तिरप्या रोमन अक्षरांत तसाच ठेवलेला दिसेल: आई. तुम्हांला वाटेल, हा तर आपल्या घरातला शब्द. तिथेच चुकाल. तीच चूक तुमच्या आईनेही केली होती, आणि ती सुधारताना आम्हा दोघींचं चांगलंच वाजलं. म्हणून पुस्तक तुमच्या हातात पडायच्या आधी हे लिहिते आहे. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीत लिहिते आहे. का, ते पुढे कळेल. सावकाश वाचा. यात कापाकापी आहे. मी ती गाळलेली नाही, कारण जिने सांगितली तिनेही गाळली नव्हती.

तुमची आई काय काम करते, हे तुम्हांला नीट ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. जिथे एका समाजाने दुसऱ्या समाजाला मुळापासून संपवायला घेतलं, तिथून जिवंत सुटलेल्यांच्या साक्षी ती गोळा करते. गेली काही वर्षं तिचं लक्ष त्यातल्या एका विशिष्ट गोष्टीवर आहे. अशी काही माणसं सांगतात की त्या क्षणी ती स्वतःच्या शरीरात नव्हती, वरून सगळं पाहत होती. किंवा मेलेल्या माणसाने येऊन हात धरला. तुमची आई अशा बोलण्याला वेड म्हणत नाही आणि चमत्कारही म्हणत नाही. हा माणसाचा स्वतःपलीकडचा अनुभव आहे, त्याचा नीट अभ्यास व्हावा, असं तिचं म्हणणं. ते मला पटतं. भांडण त्यावर नव्हतं.

इथे उज्जैनला, आमच्या माधव नगरच्या मागच्या गल्लीत बीजी राहायच्या. पंजाबी घरात थोरल्या बाईला बीजी म्हणतात. पुढे सगळी कॉलनीच म्हणायला लागली. फ्रीगंजमध्ये त्यांच्या मुलाचं कापडाचं दुकान आहे. फाळणी झाली तेव्हा त्या सहा-सात वर्षांच्या होत्या. फाळणी हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. ‘रौला’ म्हणायच्या, म्हणजे गलका. “रौले में सब गए,” एवढंच, आणि पुन्हा लोणच्याच्या कैऱ्यांकडे वळायच्या. एका उन्हाळ्यात तुमची आई इथे आली होती. तिने विचारलं आणि बीजी हो म्हणाल्या. मीही सोबत गेले, कारण बीजी मधेच ठेट पंजाबीत शिरल्या की तुमच्या आईला अडायचं.

त्यांच्या मागच्या खोलीत बसलो. फोन ध्वनिमुद्रणाला लावून पलंगावर ठेवला. बीजी भिंतीकडे बघत बोलल्या.

पश्चिम पंजाबात कालव्याच्या काठी त्यांचं गाव. पावसाळा सरत आला होता, ऊस डोक्याच्या वर गेला होता. सकाळी ढोल ऐकू आले. लग्नाचे असतील असं लहानग्या बीजींना वाटलं. त्यांची आई, जिला त्या बेबे म्हणत, परातीत कणीक मळत होती. आजोबा म्हणाले, आपल्याच गावची पोरं आहेत, मी बोलतो. आणि दाराची कडी काढली. ते उंबरठ्यावर बोलायला उभे राहिले आणि कुऱ्हाड मानेत बसली. एका घावात मान तुटली नाही. ज्याने घाव घातला त्याला आजोबांच्या छातीवर पाय देऊन पातं ओढून काढावं लागलं. वडील हातात काठी घेऊन धावले. त्यांचे हात मनगटापासून तोडले, आणि मग तसेच सोडून दिले. ते अंगणात गोल गोल फिरत राहिले. बीजी म्हणाल्या, “गिरते ही नहीं थे.”

बेबेने दोन्ही मुलांना भुशाच्या कोठीत ढकललं, वर भुसा लोटला आणि स्वतः दारात उभी राहिली. तिला केसांना धरून खाली पाडलं. तिचं ओरडणं बराच वेळ चाललं. मग थांबलं. मग माणसं आत आली आणि भाल्यासारख्या बरच्या भुशात खुपसू लागली.

धाकटा भाऊ बीजींच्या मांडीत होता. त्याचं तोंड त्यांनी तळहाताने दाबून धरलं होतं. एक बरची त्यांच्या कानाशेजारून गेली आणि भावाच्या पोटात शिरली. “चीखा वो,” बीजी म्हणाल्या. “आवाज यहाँ रह गई,” आणि त्यांनी स्वतःचा तळवा आम्हाला दाखवला. आवाज बाहेर गेलाच नाही, हातात आला. बरची मागे ओढली तेव्हा भुशाने तिला पुसून काढलं. पातं स्वच्छ निघालं. आत कुणी नाही असं समजून माणसं बाहेर गेली आणि छपराला आग लावली.

एवढं सांगून बीजींनी एकदम वळून तोच तळवा तुमच्या आईच्या तोंडावर दाबला. ऐसे, म्हणाल्या, ऐसे दबाया. त्या थांबेचनात. ऐंशीच्या पुढची बाई, पण काय ती ताकद! तुमच्या आईचं डोकं भिंतीवर आपटलं, डोळे पांढरे झाले. ती गुदमरत ओरडली. मी बीजींची बोटं एकेक करून सोडवली. तुमच्या आईचा खालचा ओठ दातावर चिरला होता, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. तिच्या ओठाच्या आतल्या बाजूला बारीक वण आहे ना, तो हा. सायकलवरून पडले असं तिने तुम्हांला सांगितलं असेल, तर तिला आता विचारा.

बीजींनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग पुन्हा भिंतीकडे. आणि शांतपणे पुढचं वाक्य बोलल्या: “फिर आई. मुझे उठाके ले गई.” उचलणारीच्या हातांना कणीक चिकटलेली होती. मुलीच्या डोळ्यांत भुसा आणि धूर, चेहरा दिसला नाही. दारात बेबे पडलेली होती, तिच्यावर पाय दिल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. उचलणारीने पाय दिला. उसात नेऊन मुलीला खाली ठेवलं, आणि गेली. भाऊ कोठीतच राहिला.

पुढच्या वर्षी तुमच्या आईने पुस्तकाची मुद्रितं माझ्याकडे पाठवली. तिच्या इंग्रजीवरून मी हात फिरवते, हे शाळेपासूनचं आहे. बीजींच्या साक्षीपाशी आले आणि थांबले. तिने इंग्रजीत लिहिलं होतं: मग आई आली आणि तिने मला उचलून नेलं. त्याखाली दहा पानांचं विवेचन होतं. ठार झालेली आई स्वतःच्याच प्रेतावर पाय देऊन मुलीला बाहेर काढते. लिहिलं मोठं सुंदर होतं.

मी फोन केला.

“अगं, बीजी हिंदीत बोलत होत्या. आई म्हणजे आली. त्यांची आई बेबे.”

“आई, मी समोर बसले होते. त्यांनी ‘आई’च म्हटलं.”

“म्हटलंच की. पण ते क्रियापद आहे.”

“आणि कणकेचे हात? त्या सकाळी कणीक कोण मळत होतं?”

“त्या वेळेला पंजाबातली प्रत्येक बाई कणीकच मळत असेल. हल्ला करणाऱ्यांच्या घरातलीसुद्धा.”

“तुला कळत नाहीये. अख्खं प्रकरण त्या वाक्यावर उभं आहे.”

“मग पडू दे.”

“तू ना, दहावीतला माझा निबंधसुद्धा असाच तपासला होतास!”

“तेव्हाही चूकच होती.”

तिने फोन ठेवला. आम्ही उज्जैनची मराठी माणसं. घरात एक भाषा आणि गल्लीत दुसरी, आणि एका वाक्यात दोन्ही कधी मिसळतात ते आमचं आम्हाला समजत नाही. पुण्याचा माणूस हिंदी ऐकताना सावध असतो, पंजाब्याला आमची ‘आई’ माहीत नसते. ही चूक आमच्याच घरी होऊ शकत होती.

दुसऱ्या दिवशी मी बीजींकडे गेले आणि ते वाक्य हिंदीत करून वाचून दाखवलं.

“माँ आई?” त्यांनी हातातला चष्मा खाली ठेवला. “माँ मैंने कब बोला?”

“नहीं बोला, बीजी. इसीलिए पूछने आई.” मला मनातून बरं वाटलं. मी पुढे म्हणाले, “तो कोई पड़ोसन थी न? उन्हीं लोगों में से कोई?”

“तू भी, मास्टरनी?” त्या इतक्या जोराने ओरडल्या की सून स्वयंपाकघरातून धावत आली. “तेरी लड़की ने मरी हुई को चला दिया, तू ज़िंदा को पकड़के ला रही है! मैंने मुँह देखा? तूने देखा?”

सुनेला त्यांनी हातानेच परत पाठवलं आणि पुढे बोलू लागल्या. बेबे असेल, तर मग भाऊ तिने तिथेच का ठेवला? आणि दुसरी कुणी असेल, तर तिने माझ्या बेबेच्या छातीवर पाय दिला. कुठलंही एक म्हटलं की त्यांना कुणाचा तरी राग धरावा लागणार होता. जिने आगीतून काढलं तिच्यावर त्यांना रागवायचं नव्हतं. “घर गया, ज़मीन गई, सब गए. मेरे पास इतना ही है. आई. लड़की को बोल, इस पे हाथ न रखे. मेरे मरने से पहले ठीक करे.”

रोज सकाळी पहिल्या पोळीआधी त्या कणकेची एक गोळी बाजूला ठेवायच्या, हे मला माहीत होतं. रविवारी मुलगा त्यांना राम घाटावर न्यायचा आणि त्या साठलेल्या गोळ्या शिप्रेतल्या माशांना घालायच्या. त्या रविवारी मीही गेले. घाटावरच्या एका पंड्याने विचारलं, “माताजी, किसके निमित्त?”

“जो आई थी.”

पंडा आमच्यातलाच निघाला. माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाला, “आईंच्या निमित्ताने का? नाव-गोत्र सांगा ना त्यांचं.”

मला हसू आवरेना. बीजी त्याला म्हणाल्या, “तू हट, मछलियों को खाने दे.”

संध्याकाळी तुमच्या आईला पुन्हा फोन केला. वाद घातला नाही. बीजींचा निरोप सांगितला आणि म्हटलं, ते ध्वनिमुद्रण लाव, दोघी मिळून ऐकू. तिने लावलं. बरची, भुसा, छप्पर. मग झटापट, भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज, आणि बीजींच्या तळहाताखालून दबलेली एक हाक: आई! ती मला मारलेली हाक होती. मग माझं ‘बीजी, छोड़िए’. मग नुसते श्वास. मग बीजी: फिर आई.

तुमच्या आईने ध्वनिमुद्रण तिथेच थांबवलं.

“ऐकलंस?”

“पहिली माझी आहे,” ती म्हणाली. “मी तुला हाक मारली, तू आलीस, हात सोडवलास. आणि त्यानंतर लगेच त्या... मी माझंच ऐकलं, आई.”

तिने ती दहा पानं काढून टाकली. प्रकाशकाला उशीर झाला, तो चिडला. वाक्याचं इंग्रजी कसं करायचं यावर आम्ही आठवडाभर फोनवर डोकं घातलं. इंग्रजीत ‘कुणीतरी’ म्हटलं की बाई हरवते. ‘बाई’ म्हटलं की ती जिवंत माणूस होते. ‘ती’ म्हटलं की वाचणारा मागे वळून कोण ते शोधतो, आणि मागे बेबेच सापडते. आपल्याकडे नुसतं ‘मग आली’ म्हटलं तरी भागतं, कर्ता लागत नाही. म्हणून हे मराठीत लिहिलं. शेवटी तिने शब्द तसाच ठेवला आणि तळाशी टीप दिली: स्त्रीलिंगी क्रियापद, कोण आली ते सांगितलेलं नाही.

सुधारलेलं पान मी बीजींना दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. “कहाँ है?” म्हणाल्या. मी बोट ठेवलं. त्यांनी त्यावर आपलं बोट ठेवलं आणि विचारलं, “आगे-पीछे कुछ लगाया तो नहीं?”

“नहीं लगाया.”

“ठीक.”

या हिवाळ्यात बीजी गेल्या. सून पहिल्या पोळीआधी कणकेची गोळी बाजूला ठेवते. कुणासाठी, ते तिला माहीत नाही, आणि ती विचारत नाही. ध्वनिमुद्रण तुमच्या आईकडे आहे. त्यात ‘आई’ हा शब्द दोनदा आहे, एकदा तुमच्या आईच्या आवाजात आणि एकदा बीजींच्या.