मास्तरांचा पाय

टीव्हीवर एखादी गाडी जरा जोरात वळली की सोफ्यावर बसलेल्या मास्तरांचा उजवा पाय जमिनीत रुतायचा. न्हाव्याच्या खुर्चीत बसले तरी तेच, बँकेच्या रांगेत उभे राहिले तरी तेच. बागेत एकदा कुणाचं तरी नुकतं चालायला लागलेलं पोर हौदाच्या दिशेने दुडुदुडु निघालं, तर मास्तरांनी बाकावर बसल्या बसल्या असा काही ब्रेक दाबला की त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. सोफ्यासमोरच्या सतरंजीला नेमकं एक भोक पडलेलं होतं. "यांच्या पायाला वेगळं डोकं आहे," त्यांची बायको पाहुण्यांना ते भोक दाखवून सांगायची, "आणि खरं सांगू का, वरच्यापेक्षा ते बरं चालतं."

पायाचा तरी काय दोष? एकतीस वर्षं मास्तरांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली. शिकणारा स्टिअरिंगपाशी, मास्तर शेजारी, आणि मास्तरांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा एक जादा ब्रेक. हा ब्रेक दाबला की खालच्या सळीने ओढला जाऊन शिकणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेकही खाली जायचा. या एका पायाने शहरातले वकील, पैलवान, एक निवृत्त न्यायाधीश आणि त्यांच्यापुढे आलेली असंख्य कुंपणं वाचवली होती. न्यायाधीशांना तर मास्तर भर चौकात म्हणाले होते, "साहेब, निकाल सावकाश द्यायचे दिवस गेले. आता क्लच सोडा!"

मग मास्तरांच्या रक्तातली साखर वाढली आणि तिने सगळं सोडून नेमका तोच पाय धरला. एकदा ते वाण्याकडून एकाच चपलेवर घरी आले. "दुसरी कुठे गेली?" बायकोने विचारलं. "दुसरी काय?" मास्तर म्हणाले. बायको खो खो हसली, आणि त्यांनी खाली पाहिल्यावर त्यांचा चेहरा बघून मधेच थांबली. तळव्याला खडे रुतून रक्त आलं होतं. "बुटाची सवय आहे ना, म्हणून," मास्तर म्हणाले. "पायाला काही झालेलं नाही."

हे वाक्य पुढे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं, की घरात ते घड्याळाच्या टोल्यासारखं झालं.

आणि सहा महिन्यांपूर्वी ते झालं. कपडे शिवणाऱ्या एक बाई शिकायला येत होत्या. सरळ रस्ता, पुढे चिटपाखरू नाही, आणि गाडी कचकन थांबली. मागून टेम्पो आदळला. बाईंचं मनगट मोडलं. रस्त्याच्या कडेला हात पोटाशी धरून त्या एकच सांगत होत्या, "मास्तर, मी नाही हो दाबला."

"मग काय भुताने दाबला?" मास्तर सगळ्या रस्त्यादेखत ओरडले. "माझा पाय वर होता! एकतीस वर्षं झाली, माझा पाय कुठे आहे ते मला कळत नाही?"

त्यानंतर बाई आल्या नाहीत. इतरही हळूहळू यायचे थांबले. एका रविवारी मुलाने शिडी लावून मास्तरांच्या ड्रायव्हिंगच्या शाळेची पाटी उतरवली, आणि मास्तर आत जाऊन सतरंजीतल्या त्या भोकाकडे बघत बसले.

त्या रिकाम्या रविवारांमुळेच डोंगरात जायचं ठरलं. बायकोची इच्छा तीस वर्षांपूर्वीची. मास्तरांना कधी सवड नव्हती, आणि तिला घाटाची भीती. "तुमचा पाय ब्रेकवर असेल तरच येईन," ती नेहमी म्हणायची. मुलाकडे नुसती स्कूटर होती, म्हणून पाच माणसांसाठी शाळेची जुनी गाडीच निघाली. ती चालवायला मुलगा. याला मास्तरांनीच शिकवलं होतं आणि परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. दोन्ही वेळचे गुण मास्तरांना पाठ होते. मागे बायको, सून आणि आठ वर्षांची नात. तिला घरात भिंगरी म्हणत. पुढे, आपल्या जागेवर, मास्तर.

"बाबा, मागे बसा ना, ऐसपैस," सून म्हणाली.

"आणि घाटात याच्या भरवशावर?" मास्तर म्हणाले. त्यांनी पॉलिश केलेला बूट ब्रेकवर ठेवला, दाबला, सोडला. "कडक आहे. चला."

मुलाने आरशातून आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर पाहत होती.

घाट लागला आणि मास्तरांना दहा वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. "तिसरा टाक. अरे, तिसरा! वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. आरसा काय भांग पाडायला दिलाय?" प्रत्येक वळणावर त्यांचा पाय खाली जायचा, गाडी सावध व्हायची आणि मुलगा म्हणायचा, "बरं झालं बाबा, दाबलात." मागून बायको विचारायची, "अहो, पाय आहे ना तुमचा?"

"आहे गं, आहे. डोळे उघड आणि दरी बघ."

"आजोबांचे सत्तावीस ब्रेक झाले," भिंगरी म्हणाली. ती बोटांवर मोजत होती आणि बोटं संपली की आईची घेत होती.

"बघितलंस?" मास्तर मुलाला म्हणाले. "सत्तावीस वेळा तुझा जीव वाचवला. आणि म्हणे, शाळा बंद करा."

मुलाने गिअर बदलला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मास्तरांना वाटलं, थंडीने.

वर पोचल्यावर सगळे धावत कठड्याकडे गेले. मास्तर उतरणार, एवढ्यात भिंगरी परत आली. "आजोबा, माझं संत्रं तुमच्या पायाशी गेलं. द्या ना."

मास्तर पोटाची समजूत घालत वाकले. संत्रं ब्रेकच्या मागे अडकलं होतं. ते काढायला त्यांनी हाताने ब्रेक दाबला.

तो लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला.

मास्तरांनी पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबताना त्यांनी शेजारी, मुलाच्या बाजूच्या ब्रेककडे पाहिलं. तो जागचा हलला नाही. त्यांनी खाली चाचपलं. सळीची पिन काढलेली होती. मोकळी सळी खडखडू नये म्हणून कुणीतरी ती बाजूला नीट बांधून ठेवली होती, निळ्या लोकरीने. ही लोकर त्यांच्या ओळखीची होती. भिंगरीच्या अंगात जो स्वेटर होता, त्याचीच. गाठ सुद्धा ओळखीची होती. एकतीस वर्षं त्यांच्या डब्याच्या फडक्याला तीच गाठ असायची.

सकाळपासून ते रिकाम्या लोखंडावर पाय आपटत होते, आणि त्या पायाने त्यांना काही म्हणजे काही कळवलं नव्हतं. हाताला मात्र एका क्षणात कळलं.

"आजोबा, संत्रं?"

"हो. हे घे."

ती पळाली. मास्तर तसेच वाकून राहिले. दाबला तरी कळत नाही. मग तेव्हा, त्या सरळ रस्त्यावर, पाय वर होता की खाली, हे तरी कुठून कळलं असणार? त्यांच्या कानात मनगट धरून उभ्या असलेल्या बाईंचा आवाज आला, आणि त्याच्यावर चढवलेला स्वतःचाही.

"अहो, या की!" बायको कठड्यापाशी उभी होती. तिच्या मागे डोंगरांच्या रांगाच रांगा होत्या, निळ्या, मग फिकट निळ्या, मग नुसत्या असल्यासारख्या. तीस वर्षं मागितलेली जागा. मास्तर तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले.

"छान आहे ना?"

"छान आहे," मास्तर म्हणाले.

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

परत निघताना मास्तरांनी मागचं दार उघडलं. "मी मागे बसतो."

मुलाच्या हातातली किल्ली खाली पडली. "का, बाबा?"

"पुढे ऊन लागतं."

"पण आभाळ आलंय..." सून बोलून गेली.

"लागत असेल त्यांना," बायको म्हणाली. "बसू दे इथे."

सून पुढे बसली. गाडी उतरू लागली. पहिल्या वळणावर भिंगरी पुढच्या दोघांच्या मधून डोकं काढून म्हणाली, "आजोबा मागे आले. मग आता ब्रेक कोण दाबणार?"

"तुझा बाबा."

"त्याला येतो?"

"येतो," मास्तर म्हणाले. "मी शिकवलाय."

मुलाने नाक ओढलं आणि रस्त्यावरून नजर काढली नाही. मास्तरांनी ते पाहिलं. बरोबर होतं. घाटात नजर काढायची नसते.

तीन-चार वळणं गेली. भिंगरी पेंगून आजीच्या मांडीवर कलंडली. मास्तर हळूच म्हणाले, "त्या बाईंनी नव्हता दाबला."

बायकोने नातीच्या अंगावरचा स्वेटर सारखा केला. "हं."

"त्यांचं घर माहीत आहे तुला?"

"जाऊन आलेय दोनदा."

"मला बोलली नाहीस."

"काय बोलणार होते?"

"मनगट?"

"वळत नाही अजून. कात्री धरवत नाही."

मास्तरांनी स्वतःचं मनगट एकदा वळवून पाहिलं. मग मास्तरांनी विचारलं, "मला शिव्या देतात?"

"नाही हो. मास्तरांचा पाय कसा आहे, विचारत होत्या."

मास्तरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे एकदा, दोनदा हलले. "उद्या मला तिथे घेऊन चल," ते काचेला सांगावं तसं म्हणाले. "हात धरून ने. पायांनी नाही जमायचं."

"नेते."

पुढे मोठं वळण आलं. सवयीने मास्तरांचा उजवा पाय कामाला लागला असावा. नक्की सांगता येईना, म्हणून त्यांनी खाली वाकून पाहिलं.

पाय जमिनीत रुतला होता. आणि त्यावर बायकोचा पाय होता, चप्पल काढून ठेवलेला, घट्ट दाबून धरलेला. किती वेळापासून होता, कुणास ठाऊक.