आतोबांचे मुद्दाम बिघडवलेले फोटो

आमच्या आतोबांइतके बिघडलेले फोटो अख्ख्या देवासात कोणी काढत नसेल, आणि ते मुद्दाम बिघडवतात. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कारखान्यात नोकरीला असताना नात्यातल्या प्रत्येक लग्नाचे फोटो तेच काढत. दरारा असा, की त्यांनी "हलू नका!" म्हटलं की भटजीसुद्धा मंत्र थांबवत. नवरदेवाचा फेटा फोटोत किंचित तिरका आला, तर आतोबांना श्रीखंड गोड लागत नसे.

मग त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. औषधं चढवायला इंदूरच्या खेपा सुरू झाल्या, आणि या माणसानं चहाच्या डब्याला सुईनं भोक पाडून, आत फोटोचा कागद लावून कॅमेरा केला. औषध चढत असेतो डबा समोरच्या टेबलावर, भोक उघडं. त्यातून निघालेल्या फोटोत वॉर्डातली माणसं धुरासारखी, सलाइनची बाटली तेवढी ठाम. नर्सनं विचारलं, "अंकल, इसमें मैं कहाँ हूँ?" आतोबा म्हणाले, "तू तो आती-जाती रही, बिटिया. रुकी तो बस ये बोतल."

घरी तर कहरच. आत्यानं केलेल्या पोह्यांच्या बशीत त्यांनी खिळे, नटबोल्ट आणि एक गंजकं कुलूप मांडलं, वर कोथिंबीर भुरभुरली आणि फोटो काढला. आत्या कडाडली, "खायचं नाही ते नाही, वर अन्नाची थट्टा!" न खाता बशी सरकवण्यावरून दोघांचं रोज वाजतच होतं.

पुढे आजार जरा आटोक्यात आला. गणेशोत्सवात मराठी मंडळींनी रांगोळ्यांच्या शेजारी आतोबांचे फोटो मांडले. शेजारचे शर्माजी हळहळले, "भिया, केमरा बिगड़ गया क्या?" आतोबा खूश. आत्या मात्र पोह्यांसमोर थबकली. फोटोखाली आतोबांनी लिहिलं होतं: 'तोंडाची चव'.

"माझे पोहे असे लागत होते तुम्हाला?"

"तुझेच नव्हे गं. त्या औषधांनी पाणीसुद्धा."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं, कडू लागतंय म्हणून. तू साखर वाढवलीस."

आत्याला हसू आलं, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

चव अजून पुरती परतलेली नाही. आत्या आता आग्रह करत नाही. घास घेतला की एवढंच विचारते, "आज काय लागतंय?" आतोबा डोळे मिटून बराच विचार करतात. परवा म्हणाले, "मीठ. थोडंसं." तेवढ्यावर आत्या दिवसभर गुणगुणत होती.