लाल टॉवेल खांद्यावर असताना

दवाखान्यात लोक ताप-खोकला घेऊन येतात, औषध घेऊन जातात आणि जाताना एखादा किस्सा मागे विसरून जातात. माझी आई तिथे सिस्टर आहे. शाळा सुटली की मी तिच्यासोबत घरी जायला थांबते आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर गृहपाठ करते. गृहपाठ फारसा होत नाही. किस्से मात्र जमत जातात. त्यातले बरेचसे एका टॉवेलचे आहेत.

त्याचं असं झालं. आई इंजेक्शन भरत होती. एका बाईंनी विचारलं, "पोरगी कितवीला हाय?" आई "नववीला" म्हणाली आणि तेवढ्यात तिच्या हाताला शेजारची भलतीच बाटली लागली! टोचण्याआधी तिच्या लक्षात आलं. तिने ते सगळं फेकून दिलं, पण त्या दिवशी डबा तसाच घरी आणला.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "इंजेक्शन भरायला घेतल्यापासून टोचून होईपर्यंत सिस्टरशी कुणी बोलायचं नाही."

पण लोकांना कळणार कसं? बाबा चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. त्यांनी एक लाल टॉवेल आणून दिला. तो आईच्या खांद्यावर असला की सगळे गप्प!

*

करकंबचे एक आजोबा पहिल्यांदाच आले होते. आईला त्यांनी दोनदा हाक मारली. ती बोलेना.

"बाईंनी मौन धरलंय व्हय?" त्यांनी शेजारच्याला विचारलं.

"व्हय की," तो म्हणाला. त्याला समजावून सांगायचा कंटाळा आला असावा.

पुढच्या खेपेला आजोबांनी आईसमोर नारळ आणि केळी ठेवून हात जोडले. आईच्या हातात सुई, खांद्यावर टॉवेल. तिला नको म्हणता येईना!

केळी गोड होती.

*

आमच्या गल्लीतल्या कलाकाकूंना गप्प बसणं जमत नाही. एकदा टॉवेल खांद्यावर असतानाच आईचा मोबाईल वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. इंजेक्शन टोचून झालं, टॉवेल खुंटीवर गेला आणि मग आईने फोन पाहिला. कलाकाकूंचा! आणि काकू समोरच्याच बाकावर, फोन कानाला लावून.

"अहो काकू, हे काय?"

"बोलायचं न्हाय म्हनलंय. फोन करायचा न्हाय असं कुटं लिवलंय?"

*

डॉक्टरबाईसुद्धा सापडल्या. आतून ओरडल्या, "सिस्टर, पुढचा पेशंट!"

"शूऽऽ!" अख्खा बाक एकदम म्हणाला.

डॉक्टरबाई दाराशी आल्या, टॉवेल पाहिला, "सॉरी" म्हणाल्या आणि परत आत गेल्या. त्या दिवसापासून नियम सगळ्यांना फार आवडायला लागला. डॉक्टरला गप्प करायची संधी रोज कुठे मिळते?

*

घरी बाबांनी स्वतःसाठीही तसलाच टॉवेल आणला. क्रिकेटची मॅच लागली की खांद्यावर टाकून बसतात. आई म्हणते, "काढा तो, नाहीतर जेवायला हाक मारणार नाही."

*

आणि ही दुधनीच्या आजींची गोष्ट.

आजी खोकल्याचं औषध न्यायला आल्या होत्या. जागा नव्हती म्हणून उभ्याउभ्याच त्या सगळ्या बाकाला सांगत होत्या, "मला दुखन्याचं इंजेक्शन सोसत न्हाय. मागं एकदा तोंड हे एवढं सुजलं, श्वास घेता येईना. लई हाल झाले."

त्याच वेळी दुसऱ्या एका आजींना कंबरदुखीचं इंजेक्शन द्यायचं होतं. आईने त्यांना खुर्चीत बसवलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि पाठ करून इंजेक्शन भरायला घेतलं. त्या आजी पाणी प्यायला उठल्या. खुर्ची रिकामी दिसली म्हणून दुधनीच्या आजी तिच्यात बसल्या. दोघींची लुगडी हिरवीच.

आई वळली ती सुईकडे बघतच. तिने आजींची बाही वर केली, दंडावर कापूस फिरवला.

"बाई, मला इंजेक्शन न्हाय..."

"शूऽऽ!" बाक म्हणाला.

"अगं, मी नुसती बसलेय हितं..."

"शूऽऽ!"

"आजी, गप ऱ्हावा की जरा," करकंबचे आजोबा हळूच म्हणाले. "नेम हाय हितला."

आजींनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग हात वर करून आईच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, स्वतःच्या खांद्यावर नीट घडी करून टाकला आणि म्हणाल्या, "आता तू थांब. मी बोलते."